मोकळीक बाकी

४ मे, सोमवार

इंदूरला येऊन आठ दिवस झाले आणि नोकरीवर रुजू होऊन एक. सांगलीहून आणलेली ही वही आज उघडली, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बोलण्यासाठी नेमलं आहे. एरवी 'इरावती, जरा गप्प बस' हे ऐकण्यात तेहेतीस वर्षं गेली.

आलो ते यामिनीच्या क्लासपायी. यामिनी माझी धाकटी बहीण, वीस वर्षांची, आई गेल्यापासून माझ्याकडे. स्पर्धा परीक्षा द्यायची तर इंदूरलाच, असं तिच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. मी म्हटलं, तू शीक, मी तिथेच काहीतरी बघते. आईनं जाताना दुसरं काहीच मागितलं नव्हतं. हिला एकटी सोडू नकोस, एवढंच म्हणाली होती.

भंवरकुआंला कुमुदिनीकाकूंच्या घराचा वरचा मजला मिळाला. काकू इथल्याच जन्माच्या. मराठीत सुरुवात करतात आणि वाक्य कुठल्या गावी पोचेल याचा नेम नसतो. पहिल्याच सकाळी पोह्यांची बशी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या की संकोच नका करू, घर समजून राहा, बस नल सात बजे जातो तेवढं ध्यानात ठेवा. पोह्यांवर शेव आणि जीरावनचा मसाला पाहून यामिनी खूश. मी म्हटलं, गोडच आहेत की पोहे. काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी निमूट आणखी एक बशी खाल्ली.

ऑफिस पलासियाला, चौथ्या मजल्यावर. माझी खिडकी पश्चिमेला आहे आणि दुपारी तीनपासून तापते. बाहेर एकेचाळीस अंश. अशा दिवसांत मला वादळपावसाच्या सूचना द्यायला ठेवलंय, याचं हसू येतं.

५ मे, मंगळवार

आज काम समजलं. उद्या पश्चिम मध्य प्रदेशात गडगडाटासह पाऊस, एवढं सरकारी खातं सांगतंच. पण कुठल्या मोहल्ल्यात आणि किती वाजता, हे आमची कंपनी सांगते, तेही घरोघर फोन करून. गोदामं, लग्नाची गार्डनं, वीटभट्ट्या, पार बुऱ्हाणपूरकडचे केळीवाले असे सगळे ग्राहक. त्यातल्या मराठी माणसांना मराठीत सांगायला मी. हिंदी अरुंधती बघते.

फोन दोनच. पहिला थांब्याचा: 'विजांचं वादळ येत आहे. आहात तिथेच थांबा. माझा पुढचा फोन येईपर्यंत बाहेर पडू नका.' दुसरा मोकळिकीचा: 'वादळ गेलं. आता बाहेर पडायला हरकत नाही.' सकाळी ही वाक्यं माइकसमोर म्हणायची, संध्याकाळी बटण दाबलं की मशीन एकेक नंबर फिरवतं. फोन पोचला की ओळ हिरवी होते. कुणाचा लागला नाही तर ती लाल राहते, आणि हिरवी होईपर्यंत आपण स्वतः लावत बसायचं.

ढगांचं काम देवेंद्रजींकडे. पन्नाशीचे आहेत. आजोबा इथल्या मिलमध्ये कारकून म्हणून आले, ते इथलेच झाले. रडारच्या पडद्यावरून नजर न काढता चहा पितात आणि एक थेंब सांडत नाहीत. त्यांनी मला एकच नियम दोनदा सांगितला. ज्याच्या आवाजात थांबवलं, त्याच्याच आवाजात सोडायचं. 'आदमी आवाज पहचानतो ना मॅडम. थांबवलं एकीनं आणि सोडलं दुसरीनं, तर तो विचारात पडून जातो की ही कोण आता.' मशीनमध्येही तसंच बसवलंय. माझ्या नावचा थांबा माझ्याच नावानं सुटतो.

मला नियम आवडला. माणसाला थांबवणं सोपं असतं, सोडायला आठवण लागते.

७ मे, गुरुवार

आज पहिलं वादळ. साडेचारला आभाळ पिवळं पडलं. देवेंद्रजी शांतपणे म्हणाले, पाच दहाला राजेंद्रनगर, पाच पंचवीसला भंवरकुआं. पाच अकराला राजेंद्रनगरमधून फोन आला की सुरू झालं. माणूस आहे की पंचांग, असं मी विचारलं, तर लाजले.

थांब्याचे त्रेसष्ट फोन गेले. वळीव आमच्याकडेही येतो, पण इथे आधी धूळ येते, मग शहर दिसेनासं होतं, मग एकदम पाणी. पाच पंचावन्नला मी सगळ्यांना मोकळीक दिली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट ओळी हिरव्या झाल्या. एवढं समाधान मला दहावीच्या निकालालाही झालं नव्हतं.

मजा म्हणजे मी यामिनीचा नंबरही यादीत घातलाय. ती दिवसभर क्लासजवळच्या वाचनहॉलमध्ये बसते. हॉल तळघरात आहे, तिथे आभाळ दिसत नाही. लहानपणी वीज कडाडली की ही पलंगाखाली जायची, आणि मी खाली वाकून 'गेला पाऊस, ये बाहेर' म्हणेपर्यंत बाबा ओढून काढायला आले तरी यायची नाही. आज मोकळिकीचा फोन गेल्यावर तिचा उलट फोन आला. म्हणे, मॅडम, पलंगाखालून निघाले, आता कचोरी खायला जाऊ का.

११ मे, सोमवार

आज एक काम मार्गी लावायला गेले आणि ते अर्धंच झालं.

माझ्या यादीत तळाशी एक लाल ओळ आहे. पहिल्या दिवसापासून डोळ्यांना खुपते. वाटाण्याच्या डब्यात एक हरभरा दिसला तर अख्खा डबा निवडणारी बाई मी. ओळ अशी: शालिनी, गोदाम, सांवेर रोड. थांबा पोहोचला. मोकळीक बाकी. आवाज: शोभना. तारीख १४ मे, दोन वर्षांपूर्वीची.

शोभना म्हणजे माझ्या आधी या खुर्चीवर होती ती. देवेंद्रजींना विचारलं, तर म्हणाले की ती लाइन तशीच राहू द्या, तिच्याशी छेडखानी नका करू. कारण विचारलं, तर रडारकडे वळले. अरुंधती म्हणाली की पुसायचा प्रयत्न झाला होता, पण मशीन घेत नाही. शोभनाच्या आवाजाशिवाय ती सुटणार नाही, आणि शोभना नोकरी सोडून गेली.

मला युक्ती सुचली. आपल्याच नावानं नवा थांबा पाठवायचा, म्हणजे ओळ आपल्या नावावर येईल, आणि मग लगेच आपल्याच आवाजात मोकळीक. दोन मिनिटांचं काम. देवेंद्रजी चहाला गेले तेव्हा करून टाकलं. बाहेर लख्ख ऊन होतं. एवढ्या उन्हात वादळाचा निरोप गेला तर कुणी मनावर घेणार नाही, नंबर तरी चालू असेल की नाही कोण जाणे, असा विचार केला.

थांबा लगेच पोचला. शोभनाचं नाव जाऊन माझं आलं. मग मोकळीक लावली, तर 'नंबर व्यस्त'. पाच वेळा लावली, पाचही वेळा व्यस्त. उद्या बघू.

१२ मे, मंगळवार

पाच चाळीसला टेबलावरचा फोन वाजला. एक बाई बोलत होत्या. आवाज समजूतदार, थोडा दमलेला. म्हणाल्या की मी शालिनी, गोदामावरून बोलतेय, काल तुमचा फोन आला, तर आता निघायचं का, हे विचारायला केला. आधी शोभनाताई सांगायच्या, आता तुम्ही सांगाल तसं. यांनी, म्हणजे त्यांच्या मिस्टरांनी, विष्णूंनी सांगितलंय की फोन आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

मी म्हटलं, अहो, निघा ना, खुशाल निघा, वादळबिदळ काही नाही. त्या म्हणाल्या, हॅलो, पावसाचा आवाज फार आहे, काही ऐकू येत नाही. खरंच पलीकडे धो धो पाऊस ऐकू येत होता. माझ्या खिडकीत ऊन. मी तीनदा ओरडून सांगितलं. सगळं ऑफिस बघायला लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, बरं, मग थांबतो आम्ही. आणि ठेवला.

मी उलट लावला. व्यस्त.

१३ मे, बुधवार

पुन्हा पाच चाळीस. शालिनीबाई म्हणाल्या की पाणी पायरीवरून आत यायला लागलंय, यांनी पोती वर रचली आहेत, निघायचं का. मी सांगत राहिले, त्यांना ऐकू आलं नाही. रागावत नाहीत, हेच मला सहन होत नाही. उलट म्हणाल्या, तुम्हालाही आज खूप फोन असतील ना, सावकाश करा.

दिवसभर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

१४ मे, गुरुवार

ऑफिसचे सगळे फोन टेप होतात. आज दोन्ही दिवसांचे टेप काढून देवेंद्रजींना ऐकवले. शालिनीबाईंचा आवाज त्यात नाही. पाऊस नाही. फक्त मी आहे, आणि मी सारखं एकच म्हणतेय. आहात तिथेच थांबा. माझा पुढचा फोन येईपर्यंत बाहेर पडू नका. मी असं एकदाही म्हटलं नव्हतं. मी निघा म्हणत होते, अख्ख्या ऑफिसनं ऐकलंय.

देवेंद्रजींनी पहिल्यांदा चहाचा कप खाली ठेवला. मग सांगितलं.

विष्णू त्या गोदामात स्टोअरकीपर होते. त्यांचं ऑफिस तळघरात. एकदा त्यांच्या कामावरच्या जोडीदारानं आमच्या फोनची वाट न पाहता अंगण ओलांडलं, त्याच्यावर वीज पडली. तेव्हापासून विष्णू फोन आल्याशिवाय हलत नसत. दोन वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला शालिनी त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. वादळ चाळीस मिनिटांत गेलं. शोभनानं सगळ्यांना मोकळीक दिली, एक नंबर मात्र व्यस्त लागत होता. तो व्यस्त होता, कारण शालिनी तेव्हा आम्हालाच फोन लावत होत्या, निघू का म्हणून. शोभना लावत राहिली, त्या लावत राहिल्या. मग शोभनाची वेळ संपली. अरुंधती करते म्हणाली, पण आवाजाचा नियम. शोभना रिक्षात बसली आणि विसरली. बाहेर ऊन पडलं होतं. मागचा नाला तुंबून पाणी तळघरात भरत होतं आणि ती दोघं आत थांबून होती.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, 'कसं सांगणार मॅडम. मला वाटलं, नाही बोललो तर आपोआप राहून जाईल गोष्ट.'

पाच चाळीसला फोन वाजला. आम्ही दोघं तो वाजताना बघत बसलो.

१६ मे, शनिवार

शोभना देवासला माहेरी असते. आज बसनं जाऊन आले. तिनं तिच्या आवाजात सुटका केली तर सगळं संपेल, अशी माझी आशा.

तिच्या भावानं दार उघडलं. घरात एकही फोन नाही. भाऊसुद्धा आपला मोबाइल गल्लीतल्या दुकानात ठेवून घरी येतो. शोभना माझ्याच वयाची असेल, केस सगळे पांढरे. खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. तिनंच तुटक तुटक सांगितलं. मागच्या मे महिन्यात तिचा नवरा रजत गाडी घेऊन रेल्वेखालच्या रस्त्यात शिरला. पाणी चढायला लागलं तसे लोक ओरडून बाहेर बोलावत होते. त्यानं काचेतून फोन दाखवला. म्हणाला, बायकोचा फोन आलाय, थांब म्हणते. तिनं फोन केला नव्हता.

मी म्हटलं, तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला, मोकळीक द्या. तेव्हा तिनं विचारलं की ओळ अजून तिच्याच नावावर आहे का. मी खरं ते सांगितलं. माझ्या नावावर घेतली आहे.

तिनं पाय खाली सोडले. कोरड्या फरशीला टेकवले आणि बघत राहिली. मग भावाला हाक मारून माझ्यासाठी सरबत करायला सांगितलं, आणि म्हणाली, दुकानातून माझा फोन घेऊन ये, आईशी बोलायचंय. तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी तिला कधीच माफ करणार नाही.

निघताना मला दारापर्यंत पोचवायला आली. माझा हात धरून हळूच विचारलं, तुमचं कोण आहे घरात.

मी हात सोडवून घेतला. बसमध्ये रडले.

१७ मे, रविवार

देवेंद्रजींबरोबर गोदामावर जाऊन आले. भर दुपार. चौकीदार म्हणाला की तळघर दोन वर्षं बंद आहे, सूखा पडा था, पण गेल्या सोमवारपासून जमीन ओली लागते. गेला सोमवार म्हणजे मी थांबा पाठवला तो दिवस.

खाली उतरले. भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ. टेबलावर खुर्ची चढवलेली. मी मोठ्यानं म्हटलं, शालिनीबाई, विष्णूदादा, वादळ गेलं, आता बाहेर पडायला हरकत नाही. आवाज घुमला. देवेंद्रजींनी हात जोडले.

पर्समध्ये माझा मोबाइल वाजला. शालिनीबाई. म्हणाल्या, कुणीतरी बाहेरून हाका मारतंय, पण तुमचा फोन नाही आला ना अजून, मग कसं निघणार. पाणी छातीशी आलंय, पण तुम्ही काळजी करू नका, आम्ही दोघं टेबलावर आहोत.

देवेंद्रजी मला धरून वर घेऊन आले.

१९ मे, मंगळवार

माइकवर जाणं सोडलं. माझं काम अरुंधती कागदावर बघून वाचते. तिचं मराठी ऐकून एरवी हसले असते.

यामिनीचा नंबर यादीतून काढला. मग तिला समोर बसवून सगळं सांगितलं. आधी हसली, मग माझा चेहरा बघून जवळ सरकली. कबूल केलंय. माझा फोन आला तरी थांबायचं नाही. मी थांब म्हटलं तर आधी निघायचं, मग विचार करायचा. हॉलमध्ये जाऊ नकोस म्हटलं, तर म्हणाली परीक्षा सात जूनला आहे, घरात पंख्याखाली उकडून मरू का. असं बोलू नकोस म्हणून मी तिच्यावर ओरडले. आई गेल्यापासूनच्या आठ वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात इथे नौतपा लागतो, नऊ दिवस नुसतं तापतं. एकदा तो लागला की आभाळ कोरडं, असं काकू म्हणतात. सहा दिवस काढायचेत.

एक तारखेला अमिता म्हणून नवी मुलगी येणार आहे, माझ्या हाताखाली. नीटनेटकी आहे म्हणे. ती ओळ मी तिच्या नजरेला पडू देणार नाही, असं आज इथे लिहिणार होते. बराच वेळ पेन हातात धरून बसले.

२० मे, बुधवार

दुपारी ऑफिसमधून काकूंना फोन केला. बाजारात निघाला असाल तर आमच्यासाठीही कोथिंबीर आणा, एवढंच सांगितलं.

सहाला घरी आले तर काकू दारात उभ्या. हातात पिशवी, पायात चपला, घामानं चिंब. साडेतीनपासून उभ्या होत्या. म्हणाल्या, अगं बाई, तूच तर बोलली ना, जिथे आहात तिथेच थांबा, मी सांगते मग निघा. मी केव्हाची वाट बघतेय तुझ्या फोनची, पाय भरून गेले माझे.

मी समोर उभं राहून म्हटलं, काकू, बसा आता. बसल्या नाहीत. त्यांचा मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाल्या, यावर सांग.

माझा आवाज आता फोनमधून तसाच जातो. मी काहीही बोलले तरी.

यामिनीनं आणि मी काकूंना उचलून पलंगावर ठेवलं. डोळे दाराकडेच.

२१ मे, गुरुवार

फोनवर बोलायचं बंद. फक्त लिहून पाठवते. लिहिलेलं अजून नीट जातंय. यामिनीला सकाळपासून अकरा निरोप पाठवले, अकराही जसेच्या तसे पोचले. तिनं वैतागून अंगठा पाठवला.

पाच चाळीसला शालिनीबाई. उचलला नाही. तरी कानाला न लावता ऐकू आलं — आता फक्त पाणी. आणि मध्येच तोच समजूतदार आवाज. ताई, निघू का.

उद्यासाठी खात्यानं इशारा दिलाय. ताशी साठ किलोमीटरचा वारा, विजा, जोरदार पाऊस. देवेंद्रजी म्हणाले, उद्या यामिनीला घरीच ठेवा.

२२ मे, शुक्रवार

सकाळी ऑफिसला निघताना मी यामिनीच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. तिच्या हाका ऐकून काकूंनी उठून काढली. हॉलमध्ये चाचणी पेपर होता म्हणे. पेपर होताच येते, असा निरोप मला पाठवून गेली.

४.५० — देवेंद्रजी रडारवरून उठून माझ्या टेबलाशी आले. बोटानं भंवरकुआंची दिशा दाखवली. मी पर्स उचलली आणि निघाले.

५.२० — रिक्षात. पाणी चाकाच्या वर. पुढे सगळं तुंबलंय, भंवरकुआं अजून दीड किलोमीटर. ड्रायव्हर उतरून गेला.

तिचा निरोप आलाय — 'ताई तुझा फोन आला. मी उचलणार नव्हते. पण तू म्हणालीस मी वाकून सांगेपर्यंत पलंगाखालीच थांब. हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे. म्हणून थांबलेय. बाकी सगळे गेले. जिन्यावरून पाणी येतंय. निघू का'

निघ. निघ. निघ. चाळीस वेळा पाठवलं. जात नाही. एकच खूण. रेंज गेली —

५.३१ — फोन लागतोय तर व्यस्त. ती मला लावतेय. मी थांबले तर ती लावेल — आणि मी उचलून काय बोलू. काहीही बोलले तरी तेच ऐकू जाईल तिला. उतरून चालत निघाले तर कमरेएवढं पाणी, ओढ इतकी की दोनदा पडले. लोकांनी ओढून परत रिक्षात बसवलं. वही भिजली नाही, पर्स डोक्यावर धरली होती —

५.३६ — एक दूधवाला मोटारसायकल घेऊन दुभाजकावर चढलाय. वरच्या गल्लीनं जाणार म्हणतो. हॉल त्याला माहीत आहे. त्याला म्हटलं, तुम्हीच सांगा तिला बाहेर ये म्हणून. म्हणाला, सांगतो, पण माझं ऐकेल का ती दीदी, तुमच्या हातचं काही लिहून द्या. बरोबर बोलतोय. ती माझं अक्षर ओळखते. पान फाडून देते —

५.४० — दिलं. घडी करून खिशात घातलं त्यानं. गेला. दिसेनासा झाला. पाच मिनिटांत पोचेल.

मी लिहिलं, वादळ गेलं, आता बाहेर ये. मोठ्या अक्षरात. पेन दाबून —

खालच्या पानावर उमटलंय. हे मी आत्ता बघतेय. बोट फिरवून वाचलं.

यामिनी, आहेस तिथेच थांब. माझा पुढचा फोन येईपर्यंत बाहेर पडू नकोस.

हे मी लिहिलं नव्हतं. दूधवाले दादा — हाका मारल्या, ऐकू जात नाहीत, पावसाचा आवाज फार — मी असं नव्हतं लिहिलं. मी लिहिलं होतं, यामिनी, आहेस तिथेच थांब. नाही. परत लिहिते. मी लिहिलं होतं, यामिनी, आहेस तिथेच —